घरशिक्षण, नोकरी आणि सोशल वर्कर : इंग्लंडमधल्या नव्या पालकांसाठी

मुलाला घरीच शिकवायला घेतलंय, नोकरी सोडणं परवडण्यासारखं नाही, आणि त्यात कौन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसचं, म्हणजे मुलांची सुरक्षितता बघणाऱ्या खात्याचं, पत्र येऊन पडलंय. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी आईवडिलांची आज अशी स्थिती आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. (स्कॉटलंडचा कायदा निराळा आहे. तिथे सरकारी शाळेतून मूल काढायलाच आधी परवानगी लागते. त्यामुळे पुढचं सगळं इंग्लंडपुरतं समजा.)

पत्र आलं की घरात पहिला प्रश्न एकच निघतो: मुलं घेऊन जातील का? सोशल वर्करला स्वतःच्या अखत्यारीत मूल नेता येत नाही. त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो. तातडीचा धोका असेल तर पोलिसांना जास्तीत जास्त ७२ तास मूल संरक्षणात ठेवता येतं. तिसरी वाट म्हणजे तुमची स्वतःची संमती, आणि सावध राहायचं ते इथे. ‘काही दिवस मूल दुसरीकडे ठेवू’ असा कागद चिल्ड्रन अॅक्ट १९८९ च्या सेक्शन २० खाली पुढे केला गेला, तर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका. बहुतेक चौकश्या यातल्या कुठल्याही टप्प्यापर्यंत पोचत नाहीत, तेव्हा आधी शांतपणे बसा आणि पत्र पुन्हा वाचा.

अशा कुटुंबांसोबत बसताना मला एक गोष्ट सारखी दिसते. आईवडील वह्या, वर्कशीट आणि प्रमाणपत्रं मांडून तयार असतात, आणि समोरच्या सोशल वर्करबाईंना जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच. तुम्ही कामावर असता तेव्हा मूल कुणाजवळ असतं? त्याला घराबाहेरचं कोण कोण पाहतं? या दोन प्रश्नांची उत्तरं आधी तयार करा. शिकवण्याचं वेळापत्रक त्याभोवती बसवता येतं, उलटं जमत नाही.

१. आधी कोण आलंय ते ओळखा

कौन्सिलकडून दोन वेगळ्या खात्यांची माणसं येऊ शकतात आणि नव्या पालकांची इथेच गफलत होते.

एक असतो घरशिक्षण अधिकारी. त्याचं काम शिक्षण बघणं. तो चौकशी करतो, अहवाल मागतो, भेटायला येऊ का विचारतो. घरात शिरण्याचा किंवा मुलाची परीक्षा घेण्याचा हक्क कायद्यानं त्याला दिलेला नाही. म्हणून त्याच्या पत्राला उत्तरच द्यायचं नाही, असं मात्र करू नका. कौन्सिलला असं विचारता येतं आणि पालक गप्प बसले तर त्यातून ती आपला निष्कर्ष काढू शकते, हे १९८० सालच्या एका निकालापासून पक्कं झालेलं आहे. शिक्षण योग्य होत नाही असं कौन्सिलला वाटलं तर एज्युकेशन अॅक्ट १९९६ च्या सेक्शन ४३७ खाली नोटीस येते, तिला उत्तर द्यायला किमान १५ दिवस मिळतात, आणि समाधान झालं नाही तर पुढे शाळेत घालण्याचा आदेश निघू शकतो. तो मोडणं हा गुन्हा आहे.

दुसरी सोशल वर्कर. ती मुलाच्या सुरक्षिततेसाठी येते आणि तिच्या येण्याचेही दोन प्रकार आहेत. चिल्ड्रन अॅक्टचा सेक्शन १७ म्हणजे मुलाला मदतीची गरज आहे का हे बघणं. हे तुमच्या संमतीनं चालतं. त्याच कायद्याचा सेक्शन ४७ म्हणजे मुलाला गंभीर इजा होते आहे किंवा होऊ शकते अशी शंका घेण्याला वाजवी कारण आहे, म्हणून केलेली चौकशी. तिला तुमची संमती लागत नाही. मुलाला भेटू द्यायला तुम्ही विनाकारण नकार दिलात, तर कौन्सिल थेट तातडीच्या संरक्षण आदेशासाठी कोर्टात जाऊ शकते. ‘आम्ही घरी शिकवतो, तुमचा संबंध नाही’ हे वाक्य सेक्शन ४७ मध्ये तुमचं नुकसानच करतं.

म्हणून पहिला ईमेल असा पाठवा: ‘आपली भेट कोणत्या सेक्शनखाली आहे, नेमकी काळजी कोणती आहे, आणि मूल्यांकन कधीपर्यंत पूर्ण होणार, हे कृपया लेखी कळवावं.’ मूल्यांकन साधारणपणे ४५ कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हावं अशी अपेक्षा असते.

मूल अजून शाळेत असेल आणि चौकशी सुरू असतानाच नाव काढायचा विचार असेल, तर थांबा. इथे आपल्याकडच्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला मागावा लागत नाही. साध्या शाळेतून लेखी कळवून नाव काढायची पद्धत आजवर चालत आली आहे. कौन्सिलच्या व्यवस्थेनं विशेष शाळेत घातलेल्या मुलाला मात्र कौन्सिलची संमती लागते. पण डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या चिल्ड्रन्स वेलबीइंग अँड स्कूल्स विधेयकात सेक्शन ४७ ची चौकशी किंवा चाइल्ड प्रोटेक्शन प्लॅन (मुलाच्या संरक्षणाचा आराखडा) चालू असलेल्या मुलांसाठीही संमतीची अट आहे. तेव्हा पत्र देण्याआधी त्या दिवशी लागू असलेला नियम घरशिक्षण अधिकाऱ्याकडून लेखी मागून घ्या. आणि कायदा काहीही असो, चौकशीच्या मध्यावर मूल शाळेतून काढलं की ‘यांना मूल नजरेआड करायचंय’ असाच अर्थ फाइलमध्ये जातो. फार मोठं कारण नसेल तर चौकशी संपू द्या, मग निर्णय घ्या.

२. कायदा नेमकं काय मागतो

एज्युकेशन अॅक्ट १९९६ चा सेक्शन ७ पालकांकडून मुलाच्या वयाला, कुवतीला, कलाला आणि विशेष गरजांना साजेसं, परिणामकारक, पूर्णवेळ शिक्षण मागतो, शाळेत किंवा अन्य मार्गानं. राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळायची सक्ती नाही. ठरावीक तास नाहीत, सुट्ट्यांचं बंधन नाही, शिक्षकाची पदवी लागत नाही. शाळा वर्षात १९० दिवस, दिवसाला साधारण पाच तास शिकवतात. पण तिथे एका शिक्षकामागे तीस मुलं असतात, घरी एकास एक शिकवणं असतं, त्यामुळे तास जोडून दाखवायची धडपड करू नका. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी शिकवणंही चालतं. नोकरदार पालकांचं सगळं गणित याच मोकळिकीवर उभं आहे.

घरशिक्षण आणि मुलाला असलेला धोका यांच्यात सिद्ध झालेला संबंध नाही, हे २०१९ चं सरकारी मार्गदर्शनही मान्य करतं. चर्चेत कुणी घरशिक्षणालाच आरोप बनवू लागलं, तर हे शांतपणे सांगा.

३. तासांचा तक्ता : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

एक कागद घ्या. सोमवार ते रविवार, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचे रकाने पाडा. प्रत्येक रकान्यात एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: या वेळी मुलाची जबाबदारी कुणा मोठ्या माणसाची आहे? विषय, धडे काही लिहू नका. फक्त माणसाचं नाव.

समजा बाबा वेअरहाऊसमध्ये सकाळी ६ ते २ च्या पाळीवर आहेत, आई ९ ते ५ घरून काम करते आणि मुलगी सात वर्षांची आहे. बहुतेक घरं ९ ते २ च्या रकान्यात ‘आई’ लिहून मोकळी होतात. पण दहा वाजता आई टीमच्या कॉलवर असेल, तर त्या तासाला मुलगी खरं तर कुणाच्याच जबाबदारीवर नाही. सोशल वर्कर नेमकी तिथेच बोट ठेवते. तेव्हा तक्ता प्रामाणिकपणे भरा: ‘१० ते ११ आई कॉलवर, मुलगी त्याच खोलीत, चित्रं किंवा ऐकायचं पुस्तक. २ वाजता बाबा घरी. ३ ते ५ अभ्यास बाबांसोबत. ६ ते ७ वाचन आईसोबत.’ असे तास रोजचे आणि लांबच लांब असतील, तर तो तक्ता टिकणारा नाही. मग कामाचे तास बदलावे लागतील किंवा माणूस शोधावं लागेल. तेरा वर्षांच्या मुलाचा तक्ता निराळा असतो. तो शेजारच्या खोलीत दोन तास एकटा वाचत बसला तर कुणी भुवया उंचावणार नाही.

रात्रपाळीवाल्या घरांना विशेष सांगणं आहे. रुग्णालयातून किंवा केअर होममधून सकाळी आठला परतलेली आई दुपारपर्यंत झोपते. तेव्हा ती घरात असते, पण मुलाकडे बघत नसते. त्या वेळेत दुसरं जागं माणूस असायलाच हवं. शिकवणंही तिच्या झोपेनंतरच ठेवा. थकलेल्या आईनं सकाळी साडेआठला गणित घ्यायचं ठरवलं तर दोघींचीही चिडचिड होते, आणि ती चिडचिडच पुढे फाइलमध्ये लिहिली जाते.

मुलाला एकटं ठेवण्याचं ठरावीक वय इंग्लंडच्या कायद्यात नाही. पण एकटं ठेवल्यानं मुलाला धोका झाला तर पालकांवर दुर्लक्षाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. बारा वर्षांखालची मुलं जास्त वेळ एकटं राहण्याइतकी जाणती क्वचितच असतात, असं एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था सांगते. चौकशी चालू असताना हीच रेषा धरून चाला. आणि चौदा वर्षांच्या ताईवर धाकट्याला रोज सोपवलं तरी जबाबदारी तुमचीच राहते, शिवाय ताईच्या शिक्षणाचाही प्रश्न उभा राहतो.

आजी-आजोबा हा आपल्या घरांचा मोठा आधार. ते व्हिजिटर व्हिसावर आले असतील, तर मुक्काम साधारण सहा महिन्यांचा असतो. नातवंडांसोबत वेळ घालवण्यात काही गैर नाही, पण पगारावर मूल सांभाळायला त्यांना ठेवता येत नाही, आणि पुन्हा पुन्हा येऊन इथेच राहिल्यासारखं करणंही व्हिसात बसत नाही. संपूर्ण तक्ता आजींच्या नावावर उभा असेल तर सोशल वर्कर विचारणारच, ‘त्या परत गेल्यावर काय?’ त्याचं उत्तर आजच लिहून ठेवा.

शेजारच्या मावशी त्यांच्या घरी पैसे घेऊन आठ वर्षांखालच्या मुलाला दिवसात दोन तासांहून जास्त सांभाळत असतील, तर त्यांची चाइल्डमाइंडर म्हणून नोंदणी असावी लागते. आणि चार-पाच मराठी कुटुंबांनी मिळून एक शिक्षिका ठेवून दिवसभर वर्ग चालवायचा बेत असेल, तर आधी हे वाचा: शाळेच्या वयाच्या पाच किंवा अधिक मुलांना एका ठिकाणी पूर्णवेळ शिकवलं, तर कायद्याच्या नजरेत ती खासगी शाळा होते आणि नोंदणीशिवाय चालवणं गुन्हा आहे. विशेष गरजांचा ईएचसी प्लॅन असलेलं एक मूल असलं तरी हाच नियम लागतो. आठवड्यातून दोन सकाळी एकत्र विज्ञान करणं ही वेगळी गोष्ट, ते जरूर करा.

४. नोकरीच्या ठिकाणी

६ एप्रिल २०२४ पासून कामाचे तास किंवा जागा बदलून मागण्याचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे. बारा महिन्यांत दोनदा अर्ज करता येतो आणि मालकानं दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. अर्जात चिल्ड्रन्स सर्व्हिसेसचा उल्लेख करायची गरज नाही. ‘मंगळवार-गुरुवार ७ ते ३, बाकी दिवस पूर्ववत, अमुक तारखेपासून’ एवढं नेमकं मागा. ‘थोडी सवलत मिळावी’ अशा अर्जाला नकार देणं फार सोपं जातं.

स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर तास कमी करण्याआधी स्पॉन्सरकडे चौकशी करा. पगार किमान मर्यादेखाली गेला तर व्हिसाच अडचणीत येतो. अशा वेळी तास कमी करण्यापेक्षा तेच तास वेगळ्या वेळी मागणं शहाणपणाचं. शाळा, नर्सरी किंवा केअरमध्ये काम करत असाल, तर सेक्शन ४७ ची माहिती मालकाला द्यावी लागते का, हे युनियनला किंवा वकिलाला आधी विचारा.

बैठका दिवसाच, कामाच्या वेळेत होतात. तारीख हातात पडताच रजा टाका, पाळी बदलून घ्या. जमणारच नसेल तर ऑनलाइन सामील होता येईल का हे लेखी विचारा. न कळवता गैरहजर राहिलात तर ‘पालक सहकार्य करत नाहीत’ अशी नोंद होते, मग कारण कितीही खरं असो.

५. नोंदवही

रोज पाच-सहा ओळी पुरतात. सुंदर फाइल करायला रविवार घालवू नका, तो मुलासोबत घालवा. एका दिवसाचं पान असं दिसू शकतं:

‘मंगळवार. ३ ते ३.४५ अपूर्णांक, पोळीचे आठ भाग करून. ३/८ आणि १/२ मधलं मोठं कुठलं हे सांगता आलं, बेरीज अजून चुकते. ४ वाजता लायब्ररी, स्वतः निवडलेली दोन पुस्तकं. ५.३० पोहणं, प्रशिक्षकांशी बोलली. रात्री आजीला व्हिडिओ कॉलवर गोष्ट वाचून दाखवली, मराठीत. उद्या: बेरीज पुन्हा.’

‘अजून चुकते’ हे शब्द मुद्दाम ठेवा. सगळं छान चाललंय असं सांगणाऱ्या अहवालावर कुणाचा विश्वास बसत नाही. काय अडतंय आणि त्यावर काय करणार, हे दिसलं की शिकवणं खरं वाटतं. मराठीतून शिकवायला हरकत नाही, पण नोंदी इंग्रजीत ठेवा, आणि इंग्रजी वाचन-लेखनाचे तारीख घातलेले नमुने महिन्याला एखाद-दुसरे जपा.

वहीच्या शेवटच्या पानावर मुलाला नियमित पाहणाऱ्या मोठ्या माणसांची यादी करा: जीपी, दंतवैद्य, पोहण्याचे प्रशिक्षक, रविवारच्या मराठी शाळेतल्या ताई. ही यादी तीन नावांचीही होत नसेल, तर नवीन पुस्तकांआधी एखादा क्लब शोधा. मुलालाही माणसं हवीच असतात.

६. घरी भेट

घर आरशासारखं लखलखीत लागत नाही. झोपायला जागा, खायला अन्न, औषधं आणि सुऱ्या मुलांच्या हाताबाहेर, हे बघितलं जातं. मुलाशी एकट्यानं बोलायचं असं सोशल वर्कर म्हणतील. सेक्शन ४७ मध्ये ते होणारच. मुलाला उत्तरं पढवू नका. पढवलेलं मूल लगेच ओळखू येतं, आणि घरात काय लपवायचं आहे असा प्रश्न त्यातूनच निर्माण होतो. ‘त्या तुझ्याशी बोलायला येणार आहेत, जे खरं आहे ते सांग’ इतकं पुरे.

इंग्रजीत अडखळत असाल तर दुभाषी मागा. तो कौन्सिलनं द्यायचा असतो, तुमच्या खिशातून नाही. मुलाला दुभाषी करू नका, आणि नवऱ्याचं इंग्रजी चांगलं आहे म्हणून आईचं उत्तर त्यांनीच द्यायचं, असंही नको. आईला स्वतःच्या तोंडानं बोलता आलं पाहिजे. हे मी फार कळकळीनं सांगते आहे.

मारण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘अभ्यासाला बसला नाही की एक धपाटा घालते’ हे वाक्य आपल्याकडे सहज निघतं. इथे ते फाइलमध्ये तसंच्या तसं उतरतं. वेल्समध्ये मार्च २०२२ पासून आणि स्कॉटलंडमध्ये नोव्हेंबर २०२० पासून मुलाला मारणं पूर्ण बेकायदा आहे. इंग्लंडमध्ये ‘वाजवी शिक्षा’ असा बचाव शिल्लक आहे, पण वळ उठला की तो टिकत नाही. बचाव आहे की नाही, हा विचारच बाजूला ठेवा आणि मारणं थांबवा. शिकवणारा आणि मारणारा हात एकच असला की मुलाला पळून जायला दुसरी जागाच राहत नाही.

भेट संपली की त्याच संध्याकाळी ईमेल करा: ‘आज आपण भेटलो. आपण अमुक काळजी सांगितली, मी अमुक करण्याचं मान्य केलं, पुढची भेट अमुक तारखेला.’ सगळ्या संवादाचा लेखी माग राहतो.

७. प्रकरण पुढे गेलं तर

सेक्शन ४७ नंतर चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्स (मुलाला असा प्लॅन लागतो का हे ठरवणारी बैठक) बोलावली, तर ती कौन्सिल, पोलीस आणि आरोग्य खात्याच्या पहिल्या विचारविनिमयापासून १५ कामकाजाच्या दिवसांत होते. अहवाल आधी मागून घ्या, प्रत्येक चुकीच्या तपशिलासमोर तुमची दुरुस्ती लिहा आणि ती अहवालाला जोडा म्हणून सांगा. सोबत आधाराला माणूस नेता येतं का ते आधी विचारा. प्लॅन झाला तर कोअर ग्रुपची, म्हणजे तो राबवणाऱ्या गटाची, पहिली बैठक १० कामकाजाच्या दिवसांत, पहिला आढावा तीन महिन्यांत आणि त्यानंतर जास्तीत जास्त सहा महिन्यांनी.

‘मूल शाळेत घालावं’ अशी शिफारस तिथे येऊ शकते. ती शिफारस असते. शाळेचा आदेश काढायला वेगळी कायदेशीर प्रक्रिया आहे. पण इथे माझं मत लपवत नाही: तासांचा तक्ता कितीही ओढाताण केली तरी भरत नसेल, तर काही काळ शाळा घेणं हा मुलाच्या बाजूचा निर्णय असू शकतो. काही मुख्याध्यापक आठवड्यातले थोडे दिवस शाळा आणि थोडे दिवस घर अशी व्यवस्था मान्य करतात. ते पूर्णपणे त्यांच्या मर्जीवर असतं, पण विचारायला हरकत नाही.

कोर्टात जाण्याआधीचं औपचारिक पत्र आलं, तर त्याच दिवशी कौटुंबिक कायद्याचा वकील गाठा. या टप्प्यावर आईवडिलांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्याआधीच्या सल्ल्यासाठी फॅमिली राइट्स ग्रुप या संस्थेची मोफत सल्लासेवा आहे. तुमच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते मागायचा हक्क आहे, आणि साधारण महिनाभरात उत्तर यायला हवं. वागणुकीची तक्रार आधी कौन्सिलकडे आणि तिथे निकाल लागला नाही तर ओम्बड्समनकडे करता येते. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घ्यायला बंदी) असा शिक्का असलेल्या घरांनीही मदत मागायला कचरू नये. सेक्शन १७ खालची मदत त्या बंदीत येत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात: घरशिक्षणाला कौन्सिल काही देईल असं धरून चालू नका. जीसीएसई, म्हणजे इथली सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणारी शालांत परीक्षा, खासगी उमेदवार म्हणून द्यावी लागते, केंद्र आणि शुल्क तुमचं तुम्ही बघायचं, त्यामुळे मूल तेरा-चौदाचं होताच केंद्र शोधायला लागा. चाइल्ड बेनिफिट चालू राहतं. सोळानंतरही हवं असेल तर घरशिक्षण सोळाच्या आधी सुरू झालेलं असावं लागतं. विशेष गरजा असलेल्या मुलांना त्यात सूट आहे.

प्रकरण बंद झालं असं तोंडी कळलं तर तेवढ्यावर थांबू नका, बंद केल्याचं पत्र मागून घ्या आणि नोंदवहीसोबत ठेवा. घरशिक्षण अधिकाऱ्याची विचारणा त्यानंतरही येत राहील. शिफ्ट बदलली, आजी परत गेल्या, नवी नोकरी लागली, की तक्ता नव्यानं भरा.